कारकुनाचं स्वयंपाकघर, पुणे १७८५ : नेपथ्य-सामानाच्या नोंदी

४ जून २०२३, रविवार

काल स्पर्धेच्या नाटकाचं पहिलं वाचन झालं. दोन अंकी, आपल्या ग्रुपमधल्या लेखिकाताईंनीच लिहिलेलं. काळ १७८५ च्या आगेमागे, म्हणजे सवाई माधवराव गादीवर आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती. जागा सदाशिव पेठेतल्या एका कारकुनाचं घर. त्यातही स्वयंपाकघर, माजघर आणि मागचं अंगण एवढंच. नेपथ्य आणि सामान माझ्या गळ्यात. दिग्दर्शक म्हणाले, "पालख्या, अब्दागिऱ्या काही नको. रोजचं घर दिसू दे." बजेट बारा हजार, त्यातले दोन टेम्पोला जाणार.

मी लगेच हो म्हटलं. पेशवाईवर पुण्यात पुस्तकांना काय तोटा? रात्री घरी येऊन कपाट उघडलं. मोहिमा, तह, कारस्थानं, वंशावळी. पानिपतावर फौज किती होती ते तीन पुस्तकांत तीन आकड्यांनी सापडलं. कारकुनाची बायको सकाळी चूल कशानं पेटवायची ते एकातही नाही.

तोवर संहितेवर लाल पेन फिरवून घेतलं. पहिल्याच प्रवेशात सून काडी ओढून समई लावते. काडेपेटी एकोणिसाव्या शतकातली, बाद. सासू बटाट्याच्या काचऱ्या परतते. बटाटा आपल्या शेतात रुळला तो इंग्रजी अमदानीत. सुरणाच्या काचऱ्या करू. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आहे. सेलमकडचे साबुदाण्याचे कारखाने १९४० च्या दशकातले, आणि वर घालायचा भुईमूगही इकडे उशिराचाच. वरीचे तांदूळ चालतील. चहा नव्हता हे ताईंना ठाऊक होतं, तेवढी कृपा.

११ जून

राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. शाळेच्या सहलीनंतर आजच. तेव्हा फक्त मस्तानी महाल लक्षात राहिला होता, जो मुळात कोथरूडचा आणि इथे आणून पुन्हा उभा केलेला आहे.

दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. साधारण १९२० पासून ते वस्तू जमवत राहिले, सोबत पत्नी कमलाबाई. सात वर्षांचा मुलगा राजा गेला, त्याच्या नावानं संग्रहालय. १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू, आणि त्या राजेरजवाड्यांच्याच नव्हेत, घरातल्या. दिवे, अडकित्ते, वज्री, करंडे, पानाचे डबे, दौती, कुलपं, शेवेचे सोरे. आमच्या कामाला याहून जवळची जागा नाही असं म्हणत आत शिरलो.

चार तास होतो. वहीची अकरा पानं भरली. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा खटकायला लागलं. प्रत्येक वस्तू सुंदर आहे. अडकित्ता म्हणजे घोडा किंवा नवरा-बायकोची जोडी. पाय घासायच्या वज्रीवर मोर. पळीच्या दांड्याच्या टोकाला पक्षी. आता कारकुनाच्या घरी एखादा असा अडकित्ता असेलही, लग्नात आलेला. पण बाकीचे? आणि पितळ इतकं लखलखीत की चुलीवर कधी चढलेलंच नाही असं वाटावं.

केळकरांनी जमवायला सुरुवात केली तेव्हा १७८५ ला सव्वाशे वर्षं उलटून गेली होती. इतकी वर्षं घरातल्या कोणत्या वस्तूला कोण जपेल? जी छान दिसते तिला. तडा गेलेला माठ, झिजलेली केरसुणी, चुलीवरची भांडी उतरवायची चिंधी हे सगळं जिथल्या तिथे संपलं. माझ्या यादीतल्या ५३ वस्तूंपैकी १९ इथे दिसल्या. १९ च्या १९ आमच्या घरापेक्षा दोन पायऱ्या वरच्या.

तरी एक फायदा झाला. आकार कळले. ठाणवईची (उभ्या दिव्याची) उंची, घंगाळाचा घेर, जुन्या विळीचा पाट किती रुंद. मोजपट्टी नेली नव्हती, वीत लावून काचेबाहेरूनच अंदाज घेतले. पहारेकऱ्यानं दोनदा विचारलं, "काय करताय?"

१८ जून

पुस्तकांचा आढावा, पुढे कुणाला लागला तर.

वा. कृ. भावे यांचं 'पेशवेकालीन महाराष्ट्र' (१९३५). जाडजूड. खाणंपिणं, कपडे, दागिने, घरं, सणवार, सगळं आहे. अडचण एकच की कागद ठिकठिकाणचे आणि सगळा महाराष्ट्र एका पंगतीला बसवलेला. सरदाराच्या घरची गोष्ट वाचतोय की भिक्षुकाच्या, हे दर परिच्छेदाला तपासावं लागतं.

ना. गो. चापेकर यांचं 'पेशवाईच्या सावलींत' (१९३७). हे खरं घबाड. चापेकरांनी घराण्यांची जुनी हिशेबी दप्तरं चाळून त्यातून माणसांचं जगणं काढलं. काय भावानं काय मिळायचं, कोणाला कशाचे किती दिले. चार वर्षं आधी त्यांनी 'बदलापूर' लिहिलं होतं, एका गावाची नखशिखांत पाहणी. म्हणजे नजर तयार होती. गंमत अशी की पुस्तक वाचायला कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

ना. वि. जोशी, 'पुणे शहराचे वर्णन' (१८६८). पेठा, हौद, बाजार यांसाठी चांगलं. पण पेशवाई बुडून ५० वर्षं झालेली.

इंग्रजी गॅझेटियर, पुणे जिल्ह्याचं, १८८५, तीन भागांत. पहिल्या भागात जातवार घर, सामान, जेवण. माहिती भरपूर आणि नजर साहेबाची: हे लोक असे, ते लोक तसे. शंभर वर्षं पुढचं असल्यामुळे उलट्या बाजूनं वापरतोय. १८८५ ला 'नवीन आलेलं' म्हणून जे नोंदलंय ते आमच्या रंगमंचावर चालणार नाही.

आणि हे अगदी अनपेक्षित: टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं पेशवाई बुडाल्यावर लगेच पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी केली. ती १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या अंकात छापली गेली. शेतकऱ्याच्या घरात शिरून सामान बघणारा माणूस. आपल्या बखरकारांना हे सुचलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या घरात तेच सामान होतं. घागर कुणी कशाला लिहून ठेवेल?

एका ग्रंथालयात चापेकरांची प्रत मागितली तर "बाइंडिंगला गेलंय". कधी येईल? "आलं की येईल." शेवटी आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन मिळालं, काही पानं तिरकी.

२५ जून

'सूपशास्त्र' (१८७५) चाळलं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं, मराठीतलं पहिलं छापील पाकपुस्तक म्हणतात ते. आमच्यापेक्षा ९० वर्षं धाकटं, त्यामुळे पदार्थ उचलायचे नाहीत असं ठरवून बसलो. भांड्यांची आणि मापांची नावं मात्र उचलली.

२ जुलै

आजचा दिवस मोल्सवर्थचा. मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी वाढवलेली १८५७. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. आपण त्यात मराठी शब्द घालून अर्थ बघतो. मी आज उलटं केलं. शोध शब्दांऐवजी अर्थांत लावला, आणि चूल, भांडं, धान्य साठवणं, दिवा असे विषय इंग्रजीतून घातले. शब्दांची रांगच लागली. वैल, उतरंड, शिंकं, काथवट, ओगराळं, कणगी, बळद, दिवळी.

पहिल्या आवृत्तीसाठी शब्द गोळा झाले ते पेशवाई संपून दशकभरात. म्हणजे हे शब्द सांगणारी म्हातारी माणसं १७८५ ला पोरं होती. पुण्यातलं सगळ्यात मोठं घरगुती संग्रहालय या कोशात आहे असं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल तीन अंगठे आणि 'सामान कधी आणणार?'

'बळद' शब्दानं नेपथ्यच बदललं. धान्य साठवायची घरातली बांधीव जागा. मी कोपऱ्यात पोती रचणार होतो, गोणपाटाची. आता भिंतीत बळदाचं तोंड दाखवायचं, प्लायवूडवर. पैसेही वाचले.

९ जुलै, रविवार

जुना बाजार. सकाळी सातला पोचलो, पावसानं अर्धी दुकानं ताडपत्रीखाली. एकानं 'पेशवेकालीन' दौत दाखवली, हिरवट चढलेली, १,८०० सांगून १,१०० ला दिली. घरी चिंच लावून घासली. हिरवटपणा रंगाचा निघाला, आणि तळाला स्टिकरच्या गोंदाचा चौकोन. बायको म्हणाली, "त्याच्यावर किंमत पण असेल बघ." वास्तविक दौत स्वयंपाकघरात लागतच नव्हती. हा खर्च माझ्या खिशातून.

१६ जुलै

तांबट आळी, कसबा पेठ. लांबूनच ठोके ऐकू येतात. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. एका कारखान्यात काका भांडं मठारत होते. जमिनीत पक्क्या रोवलेल्या लोखंडी दांड्यावर हंडा आतून अडकवलेला, डाव्या हातानं तो चिमूटभर फिरवायचा आणि उजव्या हातानं हातोडीचा ठोका. फिरव, ठोका. ठोके एकमेकाला चिकटून, ओळीत, बोटाच्या पेराएवढे. मला वाटायचं ही नक्षी. काका म्हणाले, "नक्षी नंतर. आधी ताकद. ठोकल्याशिवाय पत्रा कडक होत नाही, नुसतं दाबलं तरी चेपेल." मग बिनठोक्याचं एक पातेलं माझ्या हातात देऊन म्हणाले, दाबा. खरंच दबलं. त्यांनी हसत परत घेतलं.

त्यांना विचारलं, जुनी रोजची भांडी कुठे बघायला मिळतील? त्यांनी मान हलवली. "मोडीत जायची ना. फुटलं, झिजलं की आमच्याकडे आणायचं, वजनाला वजन, वर मजुरी, नवं घेऊन जायचं. तुमच्या त्या कारकुनाचा हंडा आज कुणाच्यातरी बंबात असेल." तांबं टिकलं, हंडा टिकला नाही.

शेजारीच कल्हईचं काम मिळालं बघायला. पातेलं भट्टीवर तापवलं, नवसागराची चिमूट टाकली तसा पांढरा धूर भसकन उठला, कथलाची कांडी टेकवली, आणि कापसाच्या बोळ्यानं एका दमात आतून फिरवलं. लाल पातेलं आतून चांदीसारखं. कल्हईवाल्यानं डोळे मिटले नव्हते. माझे वाहत होते. म्हणजे रंगमंचावरच्या तांब्याच्या भांड्याला तीन रंग हवेत: आत पांढरं, काठाला लाल, बुडाला काळं. संग्रहालयात मला फक्त लाल दिसला होता.

दोन हंडे, एक तपेली, एक पातेलं भाड्यानं द्यायला काका तयार झाले. अट: काळं करायचं तर काजळीनं, रंगानं नाही.

२३ जुलै

मोडीच्या वर्गाचा तिसरा रविवार. मला दप्तरखान्यात जाऊन रुमाल (जुन्या कागदांचे गठ्ठे) सोडायचे नाहीत, तेवढी मजल या जन्मात नाही. पण छापील निवडींमध्येसुद्धा हिशेबाची जुनी चिन्हं तशीच राहतात, ती कळावीत म्हणून नाव घातलं. आज कळलं की का घालायला हवं होतं.

आमच्या प्रॉपर्टीच्या मुलानं सरावाची एक यादी टाइप करून पाठवली होती: 'तूप ४११ शेर'. कारकुनाच्या घरी चारशे अकरा शेर तूप! ते होतं ४॥. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. साडेचार शेर. सर म्हणाले, घाबरू नका, या दंडांनी भल्याभल्यांना श्रीमंत केलंय.

वर्षाचंही तसंच. कागदावर 'सीत समानीन मया व अलफ' असं लिहिलेलं असतं. सीत म्हणजे सहा, समानीन म्हणजे ऐंशी, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण ११८६. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७८५, पण वर्ष बदलतं मृगाला, म्हणजे जूनमध्ये. त्यामुळे पुढच्या मे महिन्यातला कागदही ११८६ चाच. आमचं नाटक नेमकं या सनात बसतं. मी वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहून ठेवलं, उगाचच.

३० जुलै

मुंबईला कामाला गेलो होतो, दोन तास चोरून भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिलं. इमारत १८७२ ला खुली झालेली. मुंबई आणि एकोणिसावं शतक, आमच्या कामाचं थेट काही नाही. पण तिथे मातीच्या छोट्या माणसांच्या प्रतिकृती आहेत, निरनिराळ्या समाजांची, धंद्यांची. केळकरांकडे वस्तू होत्या, इथे वस्तू धरणारी माणसं आहेत. ओंजळ कशी, बसणं कसं, पागोटं किती तिरकं. त्या काळच्या साहेबांना 'नमुने' दाखवायला केलेली, त्यामुळे प्रत्येक जण आपल्या जातीचा गणवेश घातल्यासारखा. तरीही लोकल पकडेपर्यंत डोक्यात तेच: आमच्या स्वयंपाकघरात एवढं सामान लावतोय, ते उचलणार कोण?

६ ऑगस्ट

चापेकर पुन्हा, आणि सोबत 'पेशव्यांची रोजनिशी', म्हणजे ग. चि. वाड यांनी दप्तरातून काढलेले उतारे, अनेक भागांत छापलेले. छापील हिशेब आणि घरच्या जिंदगीचे, म्हणजे मालमत्तेचे, कागद वाचायची आता सवय लागली आहे. दोन गोष्टी लिहून ठेवतो.

पहिली. हिशेबात विकत आणलेलं येतं. फुकट मिळालेलं येत नाही. शेण, राख, पाणी, पानं, माती, शेजारणीकडून आणलेला विस्तव, यांतल्या कशालाच खर्ची पडत नाही. स्वयंपाकघराचा निम्मा कारभार याच वस्तूंवर चालायचा. म्हणजे संग्रहालयानं कुरूप वस्तू गाळल्या आणि हिशेबानं फुकटच्या. दोन्हींच्या मधे जे राहिलं ते मला रंगमंचावर हवंय.

दुसरी गोष्ट लिहायला जरा वेळ लावला. याद्या वाचताना हाताला लय लागते: भांडी, अंथरुणं, गुरं, इतके नग, इतके रुपये. त्याच लयीत पुढे 'कुणबीण' येते. मी तो शब्द ओलांडून पुढे गेलो होतो, परत आलो. कुणबिणी, म्हणजे दासी, विकत घेतल्या जायच्या, विकल्या जायच्या, बक्षीस दिल्या जायच्या. त्यांची किंमत लिहिलेली असते. सरकारी कोठ्यांमध्ये होत्या आणि ऐपतीच्या घरांमध्ये होत्या. दळण, कांडण, गोठा, शेण, वापरायचं पाणी. ही सगळी कामं आमच्या नाटकात आपोआप झालेली आहेत. चूल सारवलेली आहे, तांदूळ कांडलेले आहेत, हंडे भरलेले आहेत. सून आणि सासू थेट फोडणीलाच येतात.

मोडीच्या सरांना फोन केला. कारकुनाकडे असेल का? "पगाराचा कारकून की हात ओले होणारा?" सरांनी विचारलं. आमचा दुसऱ्या प्रकारचा. "मग अशक्य नाही."

रात्री ताईंना आणि दिग्दर्शकांना लांबलचक मेसेज टाकला. निळे टिक आले. उत्तर नाही.

१३ ऑगस्ट

मेणवलीला जाऊन आलो, वाईजवळ, नाना फडणविसांचा वाडा. कारकुनाच्या घराचं माप म्हणून हा वाडा निरुपयोगी. मालक अख्ख्या राज्याचा कारभारी होता. कोनाडे, खुंट्या आणि दारांच्या उंबऱ्यांचे फोटो घेतले. उंबरे किती उंच असतात! पाय अडखळावा इतके. घाटावर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, सगळे तिच्यासोबत फोटो काढत होते. मी उंबऱ्याशेजारी चप्पल ठेवून, मापासाठी.

२७ ऑगस्ट

मामींच्या आई, वय ८८, नारायण पेठेतल्या वाड्यात वाढल्या. १९४० च्या आठवणी १७८५ ला लावायच्या नाहीत हे मान्य. पण चूल, पाटा, जातं, उखळ यांत त्या दीडशे वर्षांत फारसा काय फरक पडला असेल? दुपारभर बसलो.

"भांडं चुलीवर ठेवायच्या आधी बुडाला राखमाती लावायची," आजी म्हणाल्या. "म्हणजे काजळी मातीवर बसते, घासताना माती निघते, तिच्यासकट काजळी." हे मला एकाही पुस्तकात मिळालं नव्हतं. म्हणजे तांबट काकांची काजळी आणि माझा तिसरा रंग दोन्ही चूक. बुडाला वाळलेली राखाडी माती हवी, मधूनमधून पोपडे गेलेली.

विस्तवाचं विचारलं. रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे. सकाळी उकरून फुंकणीनं फुंकायचे. विझलेच तर शेजारी जायचं, गोवरीचा तुकडा घेऊन. "आणि शेजारणीला कळायचं की यांच्याकडची कालची चूल लवकर विझली," असं म्हणून आजी हसल्या. "म्हणजे रात्री काही शिजलं नव्हतं."

ताईंना तिथूनच फोन लावला. पहिला प्रवेश त्यांनी रात्रीत बदलला: सून काडी ओढत नाही, गोवरी घेऊन शेजारी जाते, आणि घरात दाणा नाही हे प्रेक्षकांना एका वाक्याशिवाय कळतं.

आजींनी त्यांची विळी दिली. "नाटक झालं की आणून दे. मूठ जपून."

१७ सप्टेंबर

परवा गणपती. दोन आठवडे काहीही होणार नाही, झालंही नाही.

८ ऑक्टोबर

तालीम, आणि नंतर भांडण. दिग्दर्शकांचं म्हणणं: कुणबिणीची भूमिका घुसडली की नाटक तिचं होतं, मग सासू-सुनेचं काय? ताईंचं म्हणणं: आता मला माहीत झालंय, तर मी ती नाही असं कसं लिहू? मी कोपऱ्यात बळदाचं तोंड रंगवत होतो, गप्प. अर्ध्या तासानं दिग्दर्शक माझ्याकडे वळून म्हणाले, "हे सगळं तुझ्या याद्यांमुळे."

पाण्याची मारामारी तेव्हाच सुटली. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजचा तलाव बांधून बांधीव नळातून शहरात पाणी आणलं, ते हौदांत पडायचं. एक कलाकार म्हणाला, नळ दाखवला तर परीक्षक चूक काढतील. बरोबर आहे, जे खरं आहे ते खोटं वाटणार. म्हणून हौद विंगेत, दिसायचा नाही. फक्त पाण्याचा आवाज, आणि हंडा घेऊन येणारी ती.

सोवळ्याचा प्रश्न ताईंनी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची आठवण काढून मांडला. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यानं सगळं घर कसं वेठीला धरलं होतं ते तिथे आहे. शंभर वर्षं नंतरचं, पण स्पर्शाच्या हद्दी कशा आखलेल्या असतात ते त्यातून कळतं. ठरलं असं: स्वयंपाकाचं पाणी सून स्वतः भरेल. कुणबीण वापरायचं पाणी अंगणातल्या रांजणात ओतेल. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही, अख्ख्या नाटकात एकदाही. भूमिकेला संवाद नाही. दिग्दर्शक म्हणाले, संवाद नसेल तर चालेल. त्यांनी हे सवलत दिल्यासारखं म्हटलं.

मेणवलीचं माप घेऊन उंबरा नऊ इंचांचा केला.

२९ ऑक्टोबर

सामान जवळपास पूर्ण. केरसुणी शिंदोळ्याची, बुरूड आळीत मिळाली. माठ कुंभारवाड्यातून, मुद्दाम एकाचा काठ फोडून घेतला. कुंभारानं पैसे पूर्ण घेतले. चोळ्यांना हुक लावले होते ते काढून गाठीच्या केल्या, नऊवारीच्या सेफ्टी पिना आतून लपवल्या. (पिना नकोतच, पण मुलींनी बंड केलं.) तेल करडईचं, कारण खोबरेल तेलाला थंडीत थिजायची खोड. चिंध्या घरच्या.

रंगीत तालमीत रांजणाशी ती उखळ कांडत बसली होती, मागे सासू-सुनेचा मोठा प्रवेश. मुसळाचे ठोके संवादावर यायला लागले. दिग्दर्शकांनी हात वर केला. सगळे थांबले, ती थांबली. मग ते म्हणाले, "नाही, तू चालू ठेव. या दोघींनी आवाज वाढवायचा."

२६ नोव्हेंबर, रविवार

परवा प्रयोग झाला. निकाल यायचाय. सामानाची परतफेड:

तांबट काकांचे दोन हंडे, तपेली, पातेलं दिलं. एका हंड्याला पोचा आला, ते म्हणाले बघून देतो, पैसे नको. ठाणवई ताईंच्या माहेरी पोचवली. पाट चार, ग्रुपच्या पेटीत. बळदाचं तोंड वखारीत, पुन्हा कधी लागलं तर. फुटका माठ कुणीतरी विंगेत आणखी फोडला.

आजींकडे विळी द्यायला गेलो. मूठ सैल झाली आहे. त्यांनी हलवून पाहिली, म्हणाल्या, "वापरलीस वाटतं खरंच." सुताराकडे नेऊन पाचर ठोकून आणायची आहे, मंगळवारपर्यंत.